राजधानी कुठी जात नाही बाप्पा

डिसेंबर लागला की नागपूरला चुना लागतो. म्हणजे खराखुरा. सिव्हिल लाइन्समधल्या झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा गेरू, त्यावर चुन्याचा पट्टा, दुभाजकांना काळं-पांढरं, विधानभवनाच्या आजूबाजूच्या कठड्यांना ताजा रंग. पावसाळ्यापासून आ वासून बसलेले खड्डे एका रात्रीत बुजतात. मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते, त्यामुळे मला पेपर उघडावा लागत नाही. ओल्या गेरूचा वास आला की समजायचं, अधिवेशन आलं. मग दोनेक आठवडे आम्ही राजधानी असतो आणि ताफे मुंबईला परतले की पुन्हा उपराजधानी. उपवासातला उप आणि उपद्व्यापातला उप, दोन्ही आम्हाला लागू पडतात.

यंदा नेमक्या याच दिवसांत माझा भाचा ओजस ठाण्याहून आला. वय अकरा, नाकावर चष्मा, हातात शाळेचा प्रकल्प. विषय: 'आपल्या राज्याच्या राजधानीतील पाच गमतीच्या जागा'. वर्गातल्या सगळ्यांनी गेटवे आणि राणीची बाग लिहिली म्हणून याने बाईंना विचारलं, दुसरी राजधानी चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल. झालं. माझ्या बहिणीने त्याला गाडीत बसवून दिलं आणि मला फोन केला, "ताई, तीन दिवसांत काय ते दाखव त्याला."

नागपूरकराला हा प्रश्न कधी विचारू नये. आम्ही पाहुण्याला जेवायला काय घालायचं यावर तासभर भांडू, पण दाखवायचं काय म्हटलं की गप्प होतो. फार तर म्हणतो, ताडोबाला जाऊन या. म्हणजे गाव दाखवायचं तर गावाबाहेर काढायचं!

पहिल्या सकाळी मी त्याला साडेसहाला उठवलं आणि कानटोपी घालून कस्तुरचंद पार्कजवळ पोह्यांच्या गाडीवर नेलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि तो मुद्दाम 'हा हा' करून ती काढत होता. तर्री पोहे हा प्रकार पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगणं अवघड. त्यांना वाटतं, पोह्यांवर रस्सा ओतला. तसं नाही. पातेल्यात काळे हरभरे शिजत असतात, वर लाल तेलाचा बोटभर थर, आणि गाडीवाला डाव तिरका करून आधी ते तेल बाजूला सारतो, मग खालून हरभरे उचलतो आणि शेवटी पुन्हा वरचं तेल नेमकं तेवढंच घेतो. मनगटाचा खेळ आहे तो. पोहे कोरडे, पिवळे, वाफाळते. त्यावर ही तर्री पडली की कडेचे पोहे कोरडेच राहतात आणि मधले भिजतात. खायचं ते त्या सीमेवरून, अर्धा घास कोरडा, अर्धा ओला. ओजसला गाडीवाल्याने विचारलं, "छोटे भाऊ, तर्री ज्यादा?" भाऊंनी शौर्याने मान डोलावली. तिसऱ्या घासाला चष्म्यावर वाफ, डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, पण प्लेट सोडली नाही. हात धुताना म्हणाला, "मावशी, ही जागा एक नंबर लिहू का?" मी म्हटलं, ही जागा नाही रे, नाश्ता आहे. तरी त्याने वहीत लिहिलंच.

तिथून झिरो माईल पायी गाठता येतो. वालुकाश्माचा खांब, बाजूला उधळलेले चार घोडे, आणि मोजणीचा तो दगड. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला, १९०७ सालचा. हा भारताचा मध्यबिंदू, असं आम्ही सगळे नागपूरकर छातीठोकपणे सांगतो. अभ्यासक ते मानत नाहीत. शिवाय दगड बसला तेव्हाचा देश आणि आताचा देश यांचा नकाशाच वेगळा. पण पाहुण्यासमोर कोण एवढ्या खोलात शिरतं? मीही शिरले नसते. ओजसने शिरवलं.

तो खांबाभोवती फिरून त्यावरची गावांची नावं आणि मैल वाचत होता. हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल... एक फेरी झाली, दुसरी झाली. मग म्हणाला, "मावशी, मुंबई कुठेय?"

मी पन्नाशीला आले. या खांबावरून हजार वेळा गेले असेन. शाळेची सहल इथे आली होती, कॉलेजात असताना याच्या कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी पण एक फेरी मारली. मुंबई नाही. पुणे नाही. बरोबरच आहे, कशाला असतील? हा दगड लागला तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, १८६१ पासून. त्याची पाठ मुंबईकडे होती आणि तोंड सातपुड्याकडे. १९५० नंतर प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, तरी राजधानी इथेच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि हे गाव एका रात्रीत मुकुट उतरवून घरी बसलं. वर्षातून एक अधिवेशन इथे होतं ते १९५३ च्या नागपूर कराराच्या शब्दाखातर.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने लिहून घेतलं फक्त 'मुंबई नाही'.

आणि मला आजी आठवली.

माझ्या आईचं माहेर सौंसर. नकाशात मध्य प्रदेश, बोलण्यात, खाण्यात, लग्नाच्या याद्यांमध्ये अस्सल आपलं. आजीचं लग्न झालं तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते, मध्ये सीमा नव्हती. ती आखली गेली छप्पन्न साली. आजीच्या सासऱ्यांचा शेताचा एक दावा नागपूरच्या हायकोर्टात चालू होता. हायकोर्टाची ती घुमटाची इमारत १९४० साली उघडली, हेन्री मेड नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेली. आजोबा सांगत, आत शिरताना माणूस आपोआप आवाज खाली करतो. छप्पन्ननंतर मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि दाव्याचे कागदही तिकडे गेले. पण आजी काही जबलपूरला गेली नाही आणि भोपाळ तर तिने जन्मात पाहिलं नाही. पिशवीत लुगडं कोंबून, डोक्यावर पदर घेऊन ती नागपूरच्या इतवारी स्टेशनाच्या गाडीत बसायची आणि शेजारणीने विचारलं की म्हणायची, "राजधानीले जाऊन राहिली." हे १९८० नंतरचं बोलणं! मामा चिडवायचे, "माय, राजधानी भोपाळले गेली." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "कचेऱ्या जातेत. राजधानी कुठी जात नाही बाप्पा."

तिचं स्वतःचं राजधानी दर्शन ठरलेलं असायचं. इतवारीत साड्या बघणे, बघणेच, घेणे नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मधल्या गल्लीतून एक चक्कर. जुम्मा तलावाच्या काठावर बसून डबा. महाराजबागेतला वाघ. हा वाघ म्हणजे तिच्या राजधानीचा मुख्यमंत्री होता. भोसल्यांच्या काळातली ही बाग, पुढे शेतकी कॉलेजकडे आली, आजही प्राणिसंग्रहालय कृषी विद्यापीठच चालवतं. आजीचं म्हणणं, वाघ ओरडला की बर्डीपर्यंत ऐकू यायचं. तेव्हा गाड्या नव्हत्या एवढ्या, असेलही ऐकू येत. पिंजऱ्यासमोर ती हात जोडून उभी राहायची. आम्हाला लाज वाटायची. तिच्या गावाकडे वाघोबाला हात जोडायची रीत होती, हे समजायला मला वीस वर्षं लागली.

तर ओजसची यादी. दुसरी जागा मी ठरवली होती सीताबर्डीचा किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात इथे आप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, भोसले हरले, मग इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. ऐन शहराच्या मधोमध, स्टेशनच्या डोक्यावर. रिक्षात बसताना मी ऐटीत म्हटलं, किल्ल्याला घ्या. रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"किल्ला? आज? ताई, तो का रोज उघडते का जी?"

जीभ चावली मी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांना आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी. जन्म गेला माझा इथे, मला हे पाठ आहे, आणि तरी भाच्यासमोर शेखी मिरवायच्या नादात विसरले. "पंधरा ऑगस्टले या, लाडू भेटते," रिक्षावाला म्हणाला. लाडवाचं त्याने मनाने जोडलं असावं. तो आम्हाला टेकडीच्या गणपतीला सोडून गेला, त्याच टेकडीच्या कुशीत. ओजसने देवाला नमस्कार केला आणि वहीत लिहिलं, 'किल्ला - बंद'.

मग भरपाई म्हणून मेट्रो. मला मेट्रोचं फार कौतुक नाही. २०१९ ला सुरू झाली तेव्हापासून आम्ही तिच्यात कामासाठी कमी आणि पाहुणे फिरवायला जास्त बसतो. पण बर्डीहून उत्तरेकडे निघालं की पुढची दहा मिनिटं खरोखर बघण्यासारखी आहेत, हे कबूल. खाली सगळी जुनी राजधानी पसरलेली असते. लाल कौलांचे बंगले, त्यांच्याहून उंच झाडं, रुंद रस्ते, आणि कोणालाही कसली घाई नाही. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर आपण. ओजस काचेला नाक लावून ओरडला, "चार मजली!" डब्यातल्या काकांनी अभिमानाने मान हलवली, जणू तो पूल त्यांनीच बांधला.

आणि कडबी चौकात उतरून आम्ही मोतीबागेत शिरलो. नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, घाई असेल त्याने पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

रुळांमधलं अंतर अडीच फूट. बस, एवढंच. दोन पाय फाकवून उभं राहिलं तर दोन्ही रुळांवर पाय टेकतात. या अडीच फुटांवर बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्यात जाळं विणलं होतं आणि त्यातली एक लाइन इतवारीहून सावनेर, सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला करत छिंदवाड्याला जायची. २०१५ च्या शेवटी ती मोठ्या लाइनसाठी बंद झाली. संग्रहालयात वाफेची इंजिनं आहेत, डबे आहेत, कंदील आहेत. ओजस इंजिनावर चढला, मी खाली उभी राहिले. डब्याच्या लाकडी बाकावर हात ठेवला, आणि हाताला तो बाक ओळखीचा वाटला. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, फळ्यांमधल्या फटीत वर्षानुवर्षांची काळी धूळ. या फटीत माझं चार आण्याचं नाणं गेलं होतं. याच डब्यात असं नाही, पण अशाच.

आम्ही उन्हाळ्यात आजीकडे जायचो ते याच गाडीने. गाडी चालायची म्हणजे खरंच चालायची. चढावर इतकी हळू व्हायची की मोठी पोरं खाली उतरून बाजूने पळत आणि पुन्हा चढत. एकदा आमच्या मामाने बोरीच्या झुडपातून मूठभर बोरं तोडून आणली आणि गाडी अजून तिथेच. छतावर बसलेले लोक, दुधाच्या कॅन, बाजाराला निघालेल्या कोंबड्या, संत्र्यांच्या पाट्या. आजीला कोणी विचारलं, नागपूर किती लांब, तर ती मैल सांगायची नाही, तास सांगायची नाही. "एक डबा न् दोन झोपा," म्हणायची. डबा म्हणजे पोळ्या आणि मिरचीचा ठेचा, सावनेरच्या अलीकडे संपणारा. पहिली झोप डब्याच्या आधी, दुसरी नंतर, आणि दुसरीतून जागं झालं की इतवारी. मी आजही अंतर असंच मोजते, फक्त बोलत नाही कोणासमोर.

"मावशी, तू रडतेयस?" ओजस इंजिनावरून म्हणाला. मी म्हटलं, तर्रीचा परिणाम आहे.

दुसऱ्या दिवशी अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालय असं त्याचं खरं नाव, १८६३ सालचं, पण ते नाव कोणाला माहीत नाही. रिक्षावाल्याला, शाळेला, सगळ्यांना अजब बंगलाच. पेंढा भरलेली जनावरं, मूर्ती, नाणी, शस्त्रं, गोंडांच्या वस्तू. मला हे संग्रहालय आवडतं ते त्याच्या जुन्या वासासाठी. लाकूड, पॉलिश आणि डांबरगोळ्या. ओजस मात्र गोंडांच्या दालनात अडकला, कारण नागपूर वसवणारा राजा गोंड होता, देवगडचा बख्त बुलंद शाह, हे त्याला ठाण्यात कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथेही फार कोणी सांगत नाही.

रमण विज्ञान केंद्र, सेमिनरी हिल्स, फुटाळा हे सगळं त्याच दुपारी उरकलं. विज्ञान केंद्रात त्याने आरशांसमोर स्वतःला जाड-बारीक करून पाहिलं. फुटाळ्यावर भाजलेलं कणीस खाल्लं. शहराला नवं काही दाखवायचं झालं की आम्ही पाण्यावर दिवे लावतो. तलाव नुसताच तलाव म्हणून संध्याकाळी चांगला दिसतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. असो.

त्याची खरी इच्छा वेगळी होती. त्याला मंत्री बघायचा होता. राजधानी आहे म्हणजे मंत्री दिसला पाहिजे, साधा हिशेब. तिसऱ्या सकाळी म्हणून मी त्याला पुन्हा विधानभवनाच्या बाजूला नेलं. जागोजागी बॅरिकेड, शिट्ट्या, बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेले पोलीस, त्यातला एक जण झाडाखाली संत्रं सोलत बसलेला. एक ताफा आला, गेला. पाच-सहा पांढऱ्या गाड्या, काळ्या काचा.

"दिसला का?" मी विचारलं.

"काच दिसली," तो म्हणाला.

पण मोर्चा दिसला. अंगणवाडीच्या बाया होत्या, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून रात्रीच्या गाडीने आलेल्या. घोषणा देऊन घसे बसलेले. पोलिसांनी अडवलं तिथेच रस्त्यावर बसून त्यांनी डबे सोडले. भाकरी, चटणी, कांदा. शिष्टमंडळ आत गेलंय, निवेदन देऊन येईल, तोवर बसायचं. त्यातल्या एकीने ओजसला जवळ बोलावून तिळाचा लाडू दिला आणि मला विचारलं, "ताई, इथून तो वाघाचा बगीचा कोणत्या बाजूनं जी? गाडी रातीची हाय आमची." मी महाराजबागेचा रस्ता सांगितला. मग तिने अजब बंगल्याचा विचारला. मग संत्रा मार्केटचा.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. माझ्या ओळखीतले किती लोक नुसते नागपूर बघायला म्हणून आले असतील? हाताच्या बोटांवर. आणि मागणी घेऊन आलेले, निवेदन देऊन झाल्यावर चार तास हातात आहेत म्हणून वाघ बघून, संत्री घेऊन रात्रीच्या गाडीने गेलेले? त्यांची गणती नाही. आजी यांच्यातलीच. दाव्याच्या तारखेला सासऱ्यांबरोबर आली आणि बागेत वाघ बघून गेली.

सगळेच परत गेले असं मात्र नाही. झिरो माईलच्या अंगाला गोवारी शहीदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया-मुलं फार होती. मी तेव्हा कॉलेजात होते. ओजसने संगमरवरावरचा मजकूर हळूहळू वाचला. याला यादीत घालायचं का, असं त्याने विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

दुपारी दीक्षाभूमी. बूट काढून आत गेलं की तो आतून पोकळ स्तूप एकदम अंगावर येतो. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी, वर नुसती गोलाई, आणि कोणी खोकलं तरी घुमतं. बाहेर अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांतून वाढलेला पिंपळ. दसऱ्याला इथे पाय ठेवायला जागा नसते, लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. आजीच्या शेतावर कामाला येणारी एक मावशी होती. ती दर दसऱ्याला सौंसरहून यायची, पांढरं लुगडं नेसून. आजीला साड्यांच्या दुकानाचा रस्ता माहीत होता, या मावशीला पुस्तकांच्या दुकानांचा. तिला वाचता येत नव्हतं. नातवासाठी न्यायची.

तिथल्या पायरीवर बसून ओजस तारखा लिहीत होता आणि तोच म्हणाला, "मावशी, हे १४ ऑक्टोबर १९५६. आणि राजधानी गेली १ नोव्हेंबर १९५६. फक्त अठरा दिवस!" खरंच की. धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर अजून राजधानी होतं, शेवटचे अठरा दिवस. इतकी वर्षं या दोन तारखा माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत पडून होत्या. त्या मावशीने आणि आजीने एकाच डब्यातून प्रवास केला असेल, एकाच गावाला जायला, आणि दोघींचं नागपूर किती निराळं.

रात्री सावजी जेवण करायचा माझा बेत होता. सावजी म्हणजे हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं तिखट, काळ्या रश्श्याचं. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, "ताई, पोरगं परत पाठव मला!" मग पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला घरी, तोही नरम. शेजारच्या काकू सांबारवडी घेऊन आल्या. ओजस वडी उघडून सांबार शोधत बसला, कारण त्याच्या ठाण्यात सांबार इडलीबरोबर येतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे ऐकून त्याला हसू आवरेना.

काकूंनी त्याला सांगितलं, खरी गंमत बघायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन फिरणारी पोरं. आणि मारबत. काळी मारबत, पिवळी मारबत, दोन अवाढव्य बाहुल्या, शंभराहून जास्त वर्षं निघताहेत. सोबत बडगे. त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा बडग्या करायचा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या पुढाऱ्याचाही, वाजतगाजत फिरवायचा आणि जाळायचा. काकूंनी बसल्या जागी हात वर करून आरोळी ठोकली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सरकार इथे डिसेंबरात दोन आठवडे येतं, आणि आम्ही त्याच्या आधी भादव्यातच त्याचा हिशेब करून ठेवलेला असतो.

जायच्या दिवशी स्टेशनवर जाताना संत्री घेतली. आंबिया बहाराची, अजून थोडी आंबट. मी त्याला निवडायला शिकवलं. चकचकीत, गोटीसारखं घट्ट असलेलं घ्यायचं नाही. साल सैल हवी, बोटाने दाबली की आतली फोड हलल्यासारखी वाटली पाहिजे, आणि हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा जड लागलं पाहिजे. देठाकडे थोडं वर आलेलं, मान असल्यासारखं, असं संत्रं बहुतेक दगा देत नाही. त्याने अर्धा तास लावून दोन डझन निवडली. फळवाली म्हणाली, "पोट्टा हुशार हाय."

गाडी तासभर उशिरा होती. फलाटावर पेटीवर बसून तो वही पूर्ण करत होता. पाच जागांच्या यादीत तर्री पोहे होते, 'किल्ला - बंद' होता, इंजिन होतं, महाराजबाग आम्हाला जमली नव्हती तरी 'पणजीचा वाघ' होता, आणि झिरो माईल. झिरो माईलचं त्याने पानभर चित्र काढलं होतं. घोड्यांना प्रत्येकी तीनच पाय दिसत होते, पण खांब झकास. नावं सगळी बरोबर, मैलांसकट. मुंबई नव्हतीच. मात्र छिंदवाड्याच्या वर, खांबावर नसलेलं एक नाव बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. सौंसर. त्यापुढची जागा कोरी.

पेन्सिल तोंडात धरून त्याने विचारलं, "मावशी, किती मैल लिहू?"

मी म्हटलं, "एक डबा आणि दोन झोपा."

त्याने लिहिलं.